हातोडीला जवाब

लाईट काही एवढ्यात येत नाही, पोरांनो. बसा. पुस्तकं मिटा, आणि ते मोबाईलचे उजेड माझ्या डोळ्यांवर मारू नका, आधीच एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. गोष्ट सांगतो. पण मधे मधे "खरंच का काका" असं विचारायचं नाही. चाळीस वर्षं ट्रक चालवला, आता म्हातारपणी तुमच्या होस्टेलची राखण करतोय. खोटं सांगून मला काय मिळणार आहे? तुमच्याकडून कधी कपभर चहा मिळत नाही.

ही गोष्ट महेबूब मिस्त्रीची. मूळचा उदगीरचा, पण गॅरेज इथं लातूरला, नांदेड रोडला, गावाच्या बाहेर. तेव्हा तिथं आजूबाजूला तुरीची वावरं होती. आता त्याच जागी कसले तरी फिजिक्सचे क्लास आहेत. साल दोन हजार चार. दसरा झालेला, दिवाळी यायची होती. आम्ही दोघं एक गाडी आणायला निघालो होतो. काम एवढंच.

इथल्याच एका क्लासवाल्या सरांना होस्टेलसाठी पाण्याचा टँकर पाहिजे होता. राज्यभरातून पोरं-पोरी लातूरला शिकायला यायला लागलेली, आणि पाण्याची बोंब. महेबूबनं त्यांना सांगितलं, नवी गाडी कशाला, मिलिटरीचा जुना शक्तिमान ट्रक घ्या, मी तिला तयार करून देतो. मिलिटरी जुने ट्रक लिलावात काढायची. पुण्याकडं डेपो होता. जुनी मिलिटरी गाडी पारखण्यात अख्ख्या लातुरात महेबूबचा हात धरणारा कोणी नव्हता.

पारखायची त्याची रीत सांगतो, नीट ऐका. रंगाकडं तो बघायचाच नाही. म्हणायचा, हिरव्या रंगाखाली सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात. हातात लहान हातोडी घ्यायची आणि मागच्या हौद्यापासून सुरुवात करायची. पत्र्यावर तीनदा, टक टक टक. मग कान लावायचा. खणखणीत वाजला तर पत्रा धडधाकट. बद्द वाजला तर आत गंज आणि वरून पुट्टी. रीत सगळ्याच मिस्त्र्यांची आहे. पण ठोकून झाल्यावर बाकीचे पुढं सरकायचे, हा तिथंच कान लावून उभा राहायचा. आवाज विरून गेला तरी. मी चिडवायचो, "काय मिस्त्री, जवाबाची वाट बघून राहिला का?" एरवी शिवीशिवाय न बोलणारा माणूस, पण यावर हातोडी खिशात टाकून पुढं चालायला लागायचा.

डेपोत अकरा गाड्या रांगेत उभ्या होत्या. एकेक ठोकत महेबूब पुढं चालला. ही न्हाई, ही बघू, ही न्हाई. सातव्या गाडीपाशी थांबला. टक टक टक. कान लावला. पुन्हा ठोकलं, पुन्हा कान लावला. मी पाण्याची बाटली घेऊन जवळ गेलो, तर त्याच्या तोंडावरचा रंग उडालेला.

"हीच घ्यायची," तो म्हणाला.

"अरे, हिच्या पुढच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पान तुटलंय. ती चार नंबरची बघ की."

"ग्यानोबा, हीच."

भाव केल्याशिवाय मेथीची जुडी न घेणारा माणूस. त्या दिवशी एका शब्दानं घासाघीस केली नाही.

माझ्या ट्रकला लोखंडी दांडा लावून आम्ही ती गाडी ओढत आणली. पुढं मी, मागं शक्तिमानच्या स्टेअरिंगवर तो. मुरूडला चहाला थांबलो तेव्हा दिवस मावळला होता. महेबूब खाली उतरला आणि चहाकडं न जाता माझ्याकडं आला.

"जरा मागं हौद्यात बघ. कोण बसलंय का."

मी चाकावर पाय देऊन वर चढलो. हौदा रिकामा. लिंबाचा वाळका पाला, बाकी काही नाही. तसं सांगितलं. त्यानं मान हलवली. मग चहाचा ग्लास हातात घेऊन त्यानं मला भूकंपाचं सांगितलं. वीस वर्षांची दोस्ती, पण हे कधी बोलला नव्हता.

त्र्याण्णव सालच्या भूकंपाचं तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. आम्ही बघितलंय. सकाळी बातमी आली तसा महेबूब गॅरेजमधले सगळे जॅक गाडीत टाकून औश्याकडं निघाला. पत्राबित्रा उचलायला नव्हे, माणसं काढायला. गावाचं नाव त्यानं मला सांगितलं होतं, मी तुम्हाला सांगणार नाही. तिथली घरं म्हणजे नुसता दगड-मातीचा ढीग. आत माणूस आहे की नाही, जिवंत आहे की नाही, कळणार कसं? महेबूबनं आपली रीत वापरली. दगडावर हातोडी. टक टक टक. आणि कान.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका ढिगाऱ्याखालून जवाब आला. तीन ठोके.

ढिगाऱ्यापाशी सरजाबाई नावाची म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "माझी नात हाय आत. उज्वला. सात वर्साची हाय." महेबूबनं जॅक लावले. एक वासा उचलला, दुसरा उचलला. तिसऱ्याला त्याचे जॅक पुरेनात, वजन लई. मोठा जॅक लातूरला गॅरेजात होता. त्यानं दगडावर तीनदा ठोकलं, म्हणजे येतो. आतून तीनदा वाजलं. म्हातारीला म्हणाला, "मौसी, मी गेलो अन् आलो. मी आल्याबिगर काही हलवू देऊ नको."

तो आला तिसऱ्या दिवशी सकाळी. रात्रभर पाऊस. रस्त्यावर बघ्यांच्या गाड्यांची ही रांग, मुंगी शिरायला जागा नाही. पोचला तेव्हा गावाची ओळख पटेना. ढीग हलवलेले, रस्ता काढलेला, कुठला ढिगारा कोणाचा ते सांगता येईना. सरजाबाईही दिसेना. एक जण म्हणाला, काढली पोरगी, मिलिटरीच्या गाडीतून दवाखान्यात नेली. दुसरा म्हणाला, न्हाई, तिथं कोणीच निघालं न्हाई.

हरिओम, तू विचारणारच आहेस म्हणून सांगतो. मग जाऊन चौकशी का नाही केली? सरजाबाई भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडात कुठंतरी असणारच. मीही मुरूडला हेच विचारलं. महेबूब म्हणाला, "विचारलं न्हाई तोवर ती जित्ती हाय, ग्यानोबा." अकरा वर्षं त्यानं विचारलं नाही. अकरा वर्षं त्याला एवढंच पाहिजे होतं, ती निघाली का नाही. आणि तेवढंच विचारायची हिंमत होत नव्हती.

"अन् ह्या गाडीचं काय?" मी म्हणालो.

ग्लासात बघत तो म्हणाला, "त्या राती जॅक घेऊन येताना मिलिटरीची एक गाडी आडवी गेली. मागून हौद्यातून कोणतरी पत्रा वाजवून राहिलं होतं. तीनदा. मला वाटलं, डायवरला चल म्हणून सांगून राहिलेत."

तीच गाडी होती का? कोण सांगणार! त्या वेळी तिकडं मिलिटरीच्या किती गाड्या फिरत होत्या, त्याची गणती नव्हती. मी त्याला म्हणालो, "येडा का खुळा तू? चल, उशीर व्हायलाय."

गाडी गॅरेजात लागली. गॅरेज म्हणजे पत्र्याची मोठी शेड, आणि मधोमध जमिनीत पुरुषभर खोल खड्डा. खड्ड्यावर गाडी उभी करायची आणि आत उतरून खालून काम करायचं. महिनाभर महेबूब त्या गाडीला चिकटून होता. पाटे बदलले, इंजिन उतरवून पुन्हा बसवलं. हौदा तेवढा राहू दिला. टाकी बसवायची तर हौदा आधी कापायला पाहिजे, पण आज करतो, उद्या करतो, असं त्याचं चाललेलं. संध्याकाळी क्लास सुटले की पोरींच्या सायकली रस्त्यानं जायच्या. महेबूब हातातलं काम टाकून बघत बसायचा. मी एकदा बोललो, "लाज हाय का? म्हातारा झाला." तर म्हणाला, "आता अठराची झाली असंल, न्हाई का? ह्यातलीच एखादी असंल." मला फार वाईट वाटलं. चिडवायचं मी तिथंच सोडलं.

आता ती रात्र. सव्वीस नोव्हेंबर, शुक्रवार, त्रिपुरी पौर्णिमा. भूकंपाची तारीख नव्हती, उगाच जुळवत बसू नका. मी अर्धापूरची केळी भरून सोलापूरला निघालो होतो. साडेदहाला गॅरेजशी गाडी लावली. दोघांनी भाकरी खाल्ली. शक्तिमान खड्ड्यावर उभी होती, पुढची चाकं काढलेली, तोंड जॅकवर आणि लाकडाच्या ठोकळ्यांवर. सव्वाअकराला लाईट गेली. चांदणं शेडच्या दारापर्यंत आलं होतं. आत कंदील.

"उद्या हौदा कापतो," महेबूब म्हणाला. "कुठून कापायचा तेवढ्या खुणा करून घेतो."

हातोडी आणि खडू घेऊन तो वर चढला. मी खाली बाजेवर आडवा.

टक टक टक.

खणखणीत वाजलं. तो पुढं सरकला.

टक टक टक.

मग... मी स्वतः ऐकलं. दुसऱ्याचं सांगत नाही. हौद्याच्या तळातून. हळू. एखाद्यानं बोटाच्या पेरानं वाजवावं तसं.

टक... टक... टक.

मी उठून बसलो. म्हणालो, "पत्रा गार पडून राहिलाय, मिस्त्री. वाजतोय."

त्यानं पाचदा ठोकलं.

पाचदा आलं.

पोरांनो, शहाणा माणूस तिथून पळाला असता. माझे पाय दाराकडं वळलेच होते. पण महेबूब मिस्त्री होता. जन्मभर ठोकून जवाब ऐकणारा. त्याला भीती वाटली नाही. त्याला आनंद झाला! कंदिलात त्याचं तोंड मी बघितलंय.

"जित्ती हाय, ग्यानोबा," तो म्हणाला. "आजून जित्ती हाय."

त्यानं हौद्याच्या तळाच्या फळ्या उचकटल्या. एक. दोन. तीन. खाली चेसीचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचं लोखंड, आणि त्याच्या खाली खड्ड्याचा अंधार. बाकी काही नाही. तो गुडघ्यावर बसला आणि लोखंडावर ठोकलं.

जवाब आला. पण आता गाडीतून नाही...

खालून. खड्ड्यातून.

महेबूब उडी मारून खाली आला आणि खड्ड्याच्या पायऱ्यांकडं धावला. मी त्याच्या आडवा आलो. मिस्त्री लोकांत एक कायदा आहे. चाकं काढलेल्या गाडीखाली, आधी ठोकळे हलवून बघितल्याशिवाय, खड्ड्यात उतरायचं नाही. शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं. मी ओरडलो, "ठोकळे बघ! आधी ठोकळे बघ!" त्यानं मला बाजूला ढकललं. कंदील घेऊन उतरला.

खड्ड्याच्या भिंती विटांच्या. विटांमागं काळी माती. त्यानं भिंतीवर कान लावला.

"हितं हाय. हितं, विटांच्या मागं. उज्वला! बेटा, आलो मी! ह्या वक्ताला कुठं जात न्हाई!"

हातानं विटा ओढायला लागला. एक निघाली. दुसरी. वर गाडीचं वजन त्याच काठावर होतं. मला दिसत होतं. त्याला दिसत नव्हतं.

"पहार आण, ग्यानोबा! पहार!"

माझ्या ट्रकात पहार होती. मी बाहेर पळालो. देवाची शपथ घेऊन सांगतो, दोन मिनिटं. जास्त नाही. पहार हातात आली...

आणि मागं धप्प असा आवाज झाला. मोठा नाही. पोतं टाकावं तसा.

मी आत आलो. कंदील विझला होता. खड्ड्याचा काठ ढासळला होता, आणि शक्तिमानचं तोंड खड्ड्यावर बसलं होतं. झाकण बसावं तसं. पायऱ्यांच्या तोंडाशी माती.

"मिस्त्री..."

काही नाही.

"महेबूब!"

काही नाही. तेलाचा थेंब पडल्याचा आवाज. इंजिनाखालचं चेंबर फुटलं होतं.

मी पहार चेसीवर आपटली. तीनदा. कान लावला...

टक. टक. टक.

माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. जिवंत होता!

आता काय करायचं? मोबाईल माझ्याकडं नव्हता. अर्ध्या किलोमीटरवर शेषेरावचा धाबा. धावत जाऊन माणसं आणायची, का थांबायचं? महेबूब मोठा जॅक आणायला गेला होता, त्याची गोष्ट मला पाठ होती. मी गेलो नाही. माझ्या ट्रकात चढलो आणि हॉर्नवर हात दाबून धरला. मिनिटभर हॉर्न. मग पळत आत. तीनदा ठोकायचं. तीनदा जवाब. पुन्हा हॉर्न. पुन्हा आत. किती वेळा केलं, मोजलं नाही. दर वेळी जवाब आला. एकदाही चुकला नाही. मी बोलत होतो, शिव्या देत होतो, रडत होतो. तो बोलत नव्हता. मला वाटलं, छातीवर माती असेल, आवाज निघत नसेल. ठोके तर येतायत ना.

साडेबाराला शेषेराव चार माणसं घेऊन आला. जॅक लावले, ठोकळे रचले, गाडीचं तोंड वर घेतलं. अडीच वाजता खड्डा मोकळा झाला. बॅटरी मारली.

महेबूब पालथा पडला होता. श्वास चालू होता. भिंत त्याच्या हातांवर पडली होती. दोन्ही हात, पार खांद्यापर्यंत, विटा आणि मातीखाली दाबलेले. डोकं आणि पाय तेवढे मोकळे. उकरून काढले तेव्हा दोन्ही हात मोडलेले निघाले. मी ते बघितलं. पण तेव्हा डोक्यात काही शिरलं नाही. त्याला माझ्या ट्रकातल्या केळीवर झोपवला, आणि आम्ही सगळे त्याच्याबरोबर दवाखान्यात गेलो. पाचच्या पाच जण, आणि मी. मागं कोणी थांबलं नाही. थांबायचं कशाला, माणूस तर निघाला होता...

सकाळी डॉक्टर म्हणाले, डोक्याला असा मार आहे की विटा पडल्या त्याच क्षणी शुद्ध गेली असणार. मी विचारलं, "मधे जागा झाला असंल ना साहेब? हात हलवला असंल?" त्यांनी एक्स-रे उजेडाकडं धरला. म्हणाले, "बाबा, कोणता हात?"

रविवारी दुपारी महेबूबनं डोळे उघडले. मी उशाशी होतो. पाणी मागितलं नाही. हातांचं विचारलं नाही.

"तिला काढलं का?"

मी म्हणालो, "हाव."

"जित्ती?"

"हाव. जित्ती."

त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहिलं आणि तो झोपला. अकरा वर्षांत तो इतका शांत झोपलेला मी बघितला नव्हता. खोटं बोललो, पण त्याचा मला आजही पस्तावा नाही. पस्तावा दुसऱ्या गोष्टीचा आहे, त्या रात्री खड्ड्यापाशी कोणालाच मागं ठेवलं नाही त्याचा.

सोमवारी सकाळी मी गॅरेज बंद करायला गेलो. नऊ वाजलेले, लख्ख ऊन. गाडी तशीच ठोकळ्यांवर, आणि चेंबरमधून तेल अजून थेंब थेंब पडत होतं. खड्ड्याच्या फरशीवर सगळीकडं काळं तेल पसरलं होतं. महेबूब पडला होता ती जागा मला ओळखू आली. कमरेपासून पायांपर्यंत लांब, आणि भोवती चिखलाच्या कडा. त्याला उचलल्यावर तिथं तेल शिरलं होतं. तीही जागा काळी झाली होती.

तिला लागून आणखी एक जागा होती. लहान. गुडघे पोटाशी घेऊन, त्याच्या अंगाला चिकटून कोणी बसावं, एवढीच. मी पायरीवर उभा राहून बराच वेळ बघत होतो. वरून थेंब पडायचा, तेल चारी बाजूंनी तिच्या कडेपर्यंत यायचं, आणि तिथंच थांबायचं.

ती जागा कोरडी होती.